पाचोळ्याची जागा

अमेरिकेच्या ईशान्य भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवस झपाट्याने लहान होऊ लागतात, आणि त्याची चाहूल लागताच मेपल, ओक, बर्च यांसारखी रुंद पानांची झाडे पानांतील हरितद्रव्य मोडून त्यांतील नत्र व स्फुरद यांचा बराचसा भाग फांद्यांत परत ओढून घेतात; त्यानंतर देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर, ज्याला वनस्पतिशास्त्रात विलगन स्तर म्हणतात, तयार होतो आणि तिथून पान सुटून गळते. महाराष्ट्रातील साग किंवा पळस पाण्याच्या टंचाईपायी हिवाळा सरता सरता पाने टाकतात, तर तिकडच्या झाडांना जमीन गोठण्यापूर्वी हे काम उरकायचे असते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काही आठवड्यांतच वर्षभराची पाने एकदम खाली येतात. न्यू जर्सीसारख्या राज्यात, जिथे मराठी कुटुंबांची वस्तीही बरीच आहे, घरापुढचे आणि घरामागचे अंगण या दिवसांत आवरणे हे प्रत्येक घरमालकाचे ठरलेले काम असते. पाने दाताळ्याने ओढावीत किंवा यंत्राने उडवावीत, पिशव्यांत भरावीत आणि रस्त्याच्या कडेला ठेवून द्यावीत, अशी त्याची रूढ पद्धत.

अंगणातून निघणाऱ्या पाने, गवत व फांद्या अशा कचऱ्याचे प्रमाण किती मोठे आहे हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकड्यांवरून कळते. २०१८ मध्ये तो साडेतीन कोटी टनांच्या घरात, म्हणजे एकूण नागरी घनकचऱ्याच्या सुमारे १२ टक्के होता. त्यातला बराचसा भाग आता खतासाठी वापरला जातो हे खरे असले, तरी या ढिगाकडे ‘उचलावा की राहू द्यावा’ एवढ्याच दृष्टीने पाहणे अपुरे आहे, कारण एकाच झाडाची पाने रस्त्यावर पडली तर पाणी बिघडवतात आणि त्याच झाडाच्या बुंध्याशी राहिली तर मातीला पोसतात. पर्यावरणाला धरून केलेली आवराआवर म्हणजे मुख्यतः प्रत्येक पानाची जागा ओळखणे होय.

सर्वांत निकडीची जागा रस्त्याची. डांबरावर पडलेल्या पानांवरून पाऊस वाहतो तेव्हा चहाच्या पातीतून अर्क उतरावा तसा त्यांतील विद्राव्य स्फुरद पाण्यात उतरतो, आणि पावसाळी गटारांतून हे पाणी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शुद्धीकरणाविना थेट ओढ्यात किंवा तळ्यात जाते, जिथे त्या स्फुरदावर शेवाळ माजते व पुढे ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की रस्त्यावरची पाने न उचललेल्या वस्तीत वर्षभरात वाहून गेलेल्या एकूण स्फुरदापैकी ५६ टक्के एकट्या पानगळीच्या काळात गेला, तर पाने वेळच्या वेळी उचलल्यावर हाच वाटा १६ टक्क्यांवर आला. न्यू जर्सीत रस्त्याकडेला ठेवलेला पाचोळा गटाराच्या तोंडापासून निदान १० फूट दूर असावा असा नियम आहे, आणि २०११ च्या खतविषयक कायद्याने १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरगुती हिरवळीवर रासायनिक खत टाकण्यास मनाई केली आहे. या दोन्हींमागचे कारण हेच. रस्ता आणि गटाराचे तोंड मात्र झाडून काढलेच पाहिजे, तिथे निसर्गावर काही सोपवून चालत नाही.

हिरवळीचा, म्हणजे लॉनचा, प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ओल्या पानांचा जाड थर गवताला गुदमरवतो, पण पाने उचलण्याऐवजी गवत कापण्याच्या यंत्रानेच त्यांचा चुरा केला तर तो गवताच्या पात्यांमधून खाली उतरून मातीत मिसळतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत अशा चुऱ्याने हिरवळीचे नुकसान झाले नाही असे आढळले.

झाडांखालच्या आणि फुलझाडांच्या वाफ्यांतल्या पानांचा मात्र चुराही करू नये, कारण तिथे बरेच जीव हिवाळा काढत असतात. फिकट हिरव्या पंखांच्या लूना पतंगाचा कोश पानांतच गुंडाळलेला असतो आणि पाचोळ्यातल्या इतर पानांहून तो सहज वेगळा ओळखू येत नाही. काजव्यांच्या अळ्या पाचोळ्याखालच्या ओल्या मातीत राहतात. काळ्या-तांबूस केसांचा ‘वूली बेअर’ हा सुरवंट थंडीत चक्क गोठतो आणि शरीरातील गोठणरोधक द्रव्यांमुळे वसंतात पुन्हा हालचाल करू लागतो. बंबलबी या केसाळ मधमाशीची वसाहत पानगळीत संपते व फक्त नवी राणी जमिनीत इंच-दोन इंच खोल दडून पुढल्या वर्षीची वसाहत उभारण्यासाठी जगते. ‘ग्रेट स्पँगल्ड फ्रिटिलरी’ या नारिंगी फुलपाखराची अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली अळी तर काहीही न खाता व्हायोलेटच्या रोपांजवळच्या पाचोळ्यात सारा हिवाळा पडून राहते. अशा वाफ्यातली पाने पिशवीत भरून दिली की ही सारी पिढी पानांबरोबर जाते. डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे चिकडी या चिमुकल्या पक्ष्याच्या एका जोडीला पिलांची एक वीण वाढवायला ६ ते ९ हजार अळ्या लागतात, तेव्हा अंगण चकाचक करून नंतर पक्ष्यांसाठी दाण्याची भांडी टांगणाऱ्या घरमालकाची भूतदया जरा उफराटीच म्हणावी लागते. वाळलेल्या फुलझाडांनाही हेच लागू आहे: सूर्यफूल व कोनफ्लॉवर यांच्या बोंडांतील बी गोल्डफिंच पक्षी थंडीत टिपतात, आणि पोकळ देठांत घर करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पुढली पिढी त्या देठांतच असते, म्हणून देठ वसंतात, हवा बरीच उबदार झाल्यावर, आणि तेही फूट-दीड फूट खुंट ठेवूनच कापावेत.

या सल्ल्याला एक खरी अडचण आहे, आणि ‘पाने राहू द्या’ म्हणणारे उत्साही लोक ती कधी कधी झाकतात. लाइम रोग, जो १९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातील लाइम या गावाच्या परिसरात प्रथम लक्षात आला, पसरवणारी काळ्या पायांची गोचीड पाचोळ्याच्या ओलाव्यातच हिवाळा काढते. त्यामुळे मुलांच्या खेळण्याची जागा, पायवाटा आणि घराच्या भिंतीलगतचा पट्टा मोकळा ठेवणे शहाणपणाचे ठरते. हिरवळीवरची पाने रानाच्या कडेला ढकलून तिथे उंच ढीग करणे ही सोयीची वाटणारी सवय तर गोचिडींना अनुकूल जागा करून देण्यासारखीच आहे. रोगट पानेही वाफ्यात ठेवू नयेत, कारण सफरचंदावरील खपली रोगाची बुरशी गळलेल्या पानांतच तग धरून वसंतात पुन्हा झाडावर चढते.

पाने हलवायचीच असतील तर दाताळे पुरते. पेट्रोलवर चालणारे लीफ ब्लोअर बहुधा द्विस्ट्रोक इंजिनाचे असतात, म्हणजे त्यांत तेल व इंधन एकत्र जळते आणि त्यातला काही भाग न जळताच बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाच्या हिशेबाने असे व्यावसायिक यंत्र तासभर चालले की धुरके निर्माण करणारे जे प्रदूषण होते, ते नवी मोटार सुमारे १,१०० मैल चालवल्याइतके असते. वॉशिंग्टन शहराने २०२२ पासून या यंत्रांच्या वापरावर, तर कॅलिफोर्नियाने २०२४ पासून नव्या यंत्रांच्या विक्रीवर बंदी आणली.

उरलेल्या पानांचे खत करता येते. सुक्या पानांत कार्बन भरपूर आणि नत्र तुटपुंजा असल्याने नुसता ढीग बुरशीच्या भरवशावर एक-दोन वर्षांत काळसर, भुसभुशीत होतो, तर कापलेले ताजे गवत किंवा भाजीचा कचरा त्यात मिसळून ओल टिकवली आणि ढीग निदान तीन फूट लांब, रुंद व उंच ठेवला तर तो आतून तापून काही महिन्यांत तयार होतो. भारतात २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई करून बागेतला कचरा वेगळा साठवायला सांगितला, तरी महाराष्ट्रातल्या शहरांत फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला पाचोळ्याचे ढीग धुमसताना दिसतात. खत करण्याची वरची पद्धत तिथेही लागू पडते, फक्त कडक उन्हात ढिगावर पाणी शिंपडत राहावे लागते.

गांडुळे मातीच्या भल्याचीच असतात ही मराठी शेतकऱ्याची समजूत मात्र अमेरिकेत जशीच्या तशी चालत नाही. शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडील प्रदेशात स्थानिक गांडुळे उरलीच नव्हती, आणि तिथली जंगले पाचोळ्याचा जाड थर सावकाश कुजण्यावर घडलेली आहेत. आशियातून गेलेली ‘उडी मारणारी’ गांडुळे हा थर इतक्या वेगाने फस्त करतात की रानातल्या रोपांना रुजायला जागा उरत नाही. त्यांचे मोहरीएवढे कोश पानांतून आणि खतातून एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात, पण सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस राहिले तर मरतात. गावाच्या खतकेंद्रातून पानांचे खत आणणाऱ्याने किंवा शेजाऱ्याचा पाचोळा मागून घेणाऱ्याने तो ढीग पुरेसा तापला होता का, एवढी चौकशी आधी करावी.