आरोग्यदूताची पिशवी

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. लोकसंख्या, 2011च्या जनगणनेप्रमाणे, पावणेअकरा लाखांच्या आसपास. बाकी सगळं जंगल आणि नद्या. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागड जगापासून तुटतं. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याचं गाव गाठायचं तर दोनशेएक किलोमीटर तुडवावे लागतात. म्हणून इथल्या आरोग्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दवाखाना किती दूर? पण जन्मल्या जन्मल्या श्वास न घेणाऱ्या बाळाच्या हातात काही मिनिटंच असतात. त्या मिनिटांत जे घरात असेल तेच त्याच्या कामी येतं.

ही गोष्ट जिने मनावर घेतली त्या ‘सर्च’ संस्थेबद्दल आणि तिचे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन हे दांपत्य परतलं आणि 1986 साली त्यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं. पुढे संस्थेचं शोधग्राम उभं राहिलं. तिथलं रुग्णालय आदिवासींना विचारून बांधलं, म्हणून त्याला दंतेश्वरी मातेचं नाव आहे आणि रोग्याबरोबर नातेवाइकांनाही राहता येईल अशा झोपड्या आहेत. हे सगळं मोलाचं आहेच. पण या कामाचा गाभा मला दिसतो तो गावातल्या एका बाईच्या खांद्यावरच्या पिशवीत.

त्या पिशवीच्या आधी एक छोटं यंत्र आलं. 1980च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीच्या गावांत लहान मुलं मोठ्या संख्येनं निमोनियाने दगावत होती. निमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप किंवा एक्स-रे लागतोच असं नाही, मिनिटाला किती श्वास चालतात हे मोजलं तरी पुष्कळ कळतं. अडचण अशी की गावातल्या सुइणींना दहाच्या पुढे फारसं मोजता येत नव्हतं. मग लाकडी चौकटीत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर मुलाला निमोनिया, औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्याच्यासाठी साठची ओळ, मोठ्या मुलासाठी पन्नासची. न शिकलेल्या सुईणीच्या हातात निदान देणारी ही वस्तू मला भारतीय वैद्यकातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. ज्या बाईला आपण अडाणी म्हणून बाजूला सारतो, तिला जेवढं येतं तेवढ्यावरच सगळी रचना उभी आहे.

निमोनियाच्या उपचाराचा हा प्रयोग 58 गावांत झाला आणि तुलनेला 44 गावं होती. उपचाराच्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्याहून खाली आले. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

पण पहिल्या महिन्यातलं बाळ अजून हाती लागत नव्हतं. बाळंतपणं बहुतेक घरीच होत. बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, आणि बाळ आजारी पडलं तरी त्याला घराबाहेर काढायची रीत नाही. 1993 साली 39 गावांत मोजणी सुरू झाली. जन्मणाऱ्या दर हजार बाळांतली 62 पहिल्या महिन्यात मरत होती. कारणं तीन मुख्य: जन्मताच गुदमरणं, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असणं, आणि जंतुदोष.

प्रत्येक गावातली पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडली गेली. तिला नाव मिळालं आरोग्यदूत. पिशवीत रंगांच्या पट्ट्यांचा वजनकाटा आला. लाल पट्टी दिसली की बाळ फारच हलकं, आकडा वाचता आला नाही तरी चालतं. बाळाला ऊब देणारी कापडी झोळी आली, थर्मामीटर आला, घशातला चिकट स्राव ओढून काढायची नळी आली. गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला पूर्वी सुईण तोंडाने फुंकर घाले. पुढे नळी आणि मुखवटा आला, त्यानंतर हवेची पिशवी आणि मुखवटा. बाळंतपणाला आरोग्यदूत सुईणीच्या शेजारी बसायची. सुईण आईकडे बघे, ही बाळाकडे. नंतर महिनाभर बाळंतिणीच्या घरी फेऱ्या.

आणि पिशवीत सुई होती. जंतुदोषाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर आरोग्यदूताने जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, जोडीला तोंडाने प्रतिजैविक. यावर वादळ उठलं. डॉक्टर नसलेली, सातवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? प्रश्न रास्त होता. उत्तर आकड्यांनी दिलं. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी उपचार सुरू होण्याआधी शेकडा 16.6 मरत होती, आरोग्यदूतांच्या उपचारानंतर 2.8. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचा दर हजारी 62 वरून 25.5 वर आला, तुलनेच्या 47 गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा निबंध छापला.

आपल्याकडे मृत्यू कमी होण्याआधी तो नोंदला जायला हवा, हेही या कामाने शिकवलं. 2001 सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवलं की सरकारी कागदावर बालमृत्यू खऱ्यापेक्षा फार कमी दिसतात. घरोघर फिरून जन्म-मृत्यू मोजणं हे कंटाळवाणं काम आहे. त्याच्यावाचून बाकी सगळं निरर्थक आहे.

पुढे महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी ही पद्धत करून पाहिली गेली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. 2011 पासून देशभरच्या आशा ताई ठरलेल्या दिवशी घरी येऊ लागल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिलाही. एका बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की तिला 250 रुपये ठरले.

माझी तळमळ इथे आहे. गडचिरोलीतून देशाने वेळापत्रक उचललं, पिशवी अर्धीच उचलली. सुई आशाच्या हाती आली नाही, इंजेक्शनचा अधिकार एएनएम म्हणजे परिचारिका ताईंपर्यंत थांबला. मूळ प्रयोगात पर्यवेक्षक दर पंधरवड्याला गावात येऊन आरोग्यदूताचं काम बघत, तिची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करत. आशा ताईच्या वाट्याला मात्र नवं रजिस्टर, नवं ॲप आणि नवं सर्वेक्षण येतं. 42व्या दिवसाच्या भेटीचा रकाना भरला म्हणजे बाळाचं वजन झालं असं नव्हे. वजनकाट्याचं स्प्रिंग सैल असेल तर ती भेट कागदावरच राहते.

आज बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग याची गरज काय, असं कुणी विचारेल. बाळ दवाखान्यात दोन-तीन दिवस असतं आणि घरी आल्यावर उरलेला महिना आईच्या कुशीत काढतं. आदिवासी भागांत बाळंतपणाआधी राहायला ‘माहेरघर’ योजना आहे, ती चांगलीच आहे, पण नदीला पूर आला की परतीची वाटही बंद होते. जंतुदोष वाट बघत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात ग्रामसभा भरते, ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते, तिच्याकडे दरवर्षी थोडाफार निधी येतो. पुढच्या बैठकीला जा आणि आशा ताईला सगळ्यांसमोर मानाने बसवून विचारा: काटा चालतो का? थर्मामीटर आहे का? औषध संपून किती दिवस झाले? गेल्या महिन्यात तुमचं काम बघायला कोण आलं होतं? मिळालेली उत्तरं ठरावात लिहून घ्या आणि तो ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पोचवा.