लेक शिकायला शहरात, स्कूटर चार्ज करायची कुठे?

(रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)



बारावीचे निकाल लागले की आपल्या गावागावांतून मुली पुढच्या शिक्षणाला बाहेर पडतात. कुणी तालुक्याला, कुणी जिल्ह्याला, कुणी पुण्या-नाशिकला. खोली कॉलेजपासून लांब मिळाली, एसटीची वेळ जमली नाही, की स्कूटरचा विषय निघतो. पेट्रोल परवडत नाही म्हणून बॅटरीवरची, म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ठरते. काही जणी त्यासाठी बचत गटातून कर्जही उचलतात. गाडीची किंमत, हप्ता, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, हे सगळं बघितलं जातं. ती रोज चार्ज कुठे करायची, हा प्रश्न मात्र लेक खोलीवर राहायला गेल्यावर समोर येतो, आणि तोवर डिपॉझिट भरलेलं असतं. म्हणून आज तेवढ्याच गोष्टीवर बोलू या.

आधी विजेचा हिशेब करू. १००० वॅटचं उपकरण तासभर चालवलं की एक युनिट वीज लागते. साधारण स्कूटरची बॅटरी २ ते ४ युनिटची असते. आपण ३ युनिटची धरू. चार्जर तापतो, त्यात थोडी वीज वाया जाते, म्हणून पूर्ण चार्जिंगला साडेतीन युनिट धरा. एवढ्यात गाडी ८० ते १०० किलोमीटर चालते. लेकीचं रोजचं जाणं-येणं २० किलोमीटर असेल, तर २५ दिवसांचे ५०० किलोमीटर झाले. त्याला लागली साधारण २० युनिटं. घरमालकाने युनिटला १० रुपये लावले, तरी महिन्याचे २०० रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची स्कूटर १०-११ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे हजाराच्या वर खर्च.

मग एवढ्याशा विजेसाठी घरमालक नाही का म्हणतात? एक कारण बिलाचं आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ पासून ३०० पर्यंतचा जास्त. मालकाचं मीटर ९० वर असेल, तर आपल्या २० युनिटांपैकी १० महाग दराने पडतात, आणि ते कोणी सोसायचे यावरून कुरबूर सुरू होते. याला सोपा उपाय म्हणजे सब-मीटर. पार्किंगमधल्या सॉकेटच्या आधी वायरमनकडून छोटा मीटर बसवून घ्यायचा आणि महिन्याच्या महिन्याला आकडा बघून पैसे द्यायचे. युनिटचा दर आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. काही मालक म्हणतात, गाडी चार्ज करायला वेगळं कनेक्शन घ्यावं लागतं. तसं नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःची गाडी घरातल्या आहे त्या कनेक्शनवर चार्ज करता येते.

दुसरं कारण आगीच्या भीतीचं, आणि ती भीती खोटी नाही. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि ७ वर्षांचा मुलगा दगावला. त्याच वर्षी देशात अशा गाड्यांना आगी लागल्याच्या बऱ्याच घटना झाल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल, किंवा कुणी बॅटरी उघडून दुरुस्त केलेली असेल, तर ती लेकीच्या हाती देऊ नका.

आता चार्जिंगचे पर्याय एकेक करून बघू.

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे पार्किंगमध्ये, पावसापासून आडोशाला, पक्कं बसवलेलं तीन पिनांचं सॉकेट. स्कूटरचा चार्जर साधारण इस्त्रीएवढीच वीज ओढतो. पण इस्त्री आपण दहा-पंधरा मिनिटं करतो, चार्जर मात्र सलग चार-पाच तास चालतो. बारीक वायर किंवा ढिलं सॉकेट इतका वेळ टिकत नाही, तापून वितळतं. म्हणून सॉकेट १५-१६ अँपियरचं, वायर जाड आणि अर्थिंग चालू असलेलं हवं. तिसरी पिन नुसती दिसून उपयोग नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची वायर तर नकोच. पहिल्या पावसात तीच जिवावर उठते.

दुसरा पर्याय म्हणजे काढता येणारी बॅटरी. काही स्कूटरची बॅटरी बाहेर काढून खोलीत नेता येते. ऐकायला सोयीचं वाटतं, पण एक बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते. तिसऱ्या मजल्यावरची खोली असेल तर रोज एवढं ओझं घेऊन चढायचं. बऱ्याच वसतिगृहांत खोलीत बॅटरी चार्ज करायला बंदी असते. परवानगी असली तरी ती गादीजवळ, पडद्याजवळ किंवा दाराच्या वाटेत लावायची नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

तिसरा पर्याय कॉलेजचा. काही कॉलेजांच्या पार्किंगमध्ये आता चार्जिंगची सोय आहे. प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारा: सॉकेट किती आहेत, विद्यार्थ्यांना वापरता येतात का, पैसे किती. तास चालू असताना गाडी भरून निघाली, तर खोलीवरचा प्रश्नच मिटतो.

चौथा पर्याय रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनचा. इथे बऱ्याच जणी फसतात. मोटारींच्या जलद चार्जिंगची नळी बहुतेक स्कूटरला बसत नाही, आणि स्कूटर कंपन्यांचे जलद चार्जरही सगळे सारखे नसतात. म्हणून गाडी घेण्याआधीच, त्या कंपनीचा चार्जर लेकीच्या शहरात कुठे आहे ते बघा. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ‘ईव्ही यात्रा’ या ॲपवर स्टेशनं शोधता येतात. पण एकदा दिवसाउजेडी तिथे जाऊन, मशीन चालू आहे का ते डोळ्यांनी बघून यावं. इथली वीज घरच्यापेक्षा महाग पडते, तेव्हा हा पर्याय अडीनडीचाच ठेवा.

काही शहरांत रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेता येते. पण ठरावीक गाड्यांनाच ते जमतं. त्यातल्या काही गाड्यांची बॅटरी घरी चार्जच होत नाही. असं केंद्र आपल्या तालुक्यात नसेल, तर सुट्टीत गावी आणलेली गाडी नुसती उभी राहील.

आता लेकीला सांगायच्या चार गोष्टी. गाडीवरून आल्या आल्या चार्जिंग लावायचं नाही, अर्धा तास बॅटरी निवू द्यायची. चार्जर कंपनीचाच वापरायचा. सगळे झोपेत असताना चार्जिंग चालू ठेवायचं नाही. बॅटरी फुगली, वास आला किंवा फार तापली, तर मुख्य बटण बंद करून लांब व्हायचं. धूर किंवा आग दिसली की बॅटरी उचलायला जायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ ला फोन करायचा. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी शहरातच ठेवायची असेल, तर बॅटरी अर्धी भरून ठेवायची. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी खराब होते.

आणखी एक. गाडी २० टक्क्यांवर आली की चार्जिंगला लावायची सवय मुलीला लावा. क्लास सुटल्यावर रात्री आठ-नऊ वाजता आडरस्त्यावर गाडी बंद पडली, तर ती ढकलत एकटी चालणार. ही काळजी आपल्यालाही असते आणि तिलाही.

कुणाकडे इलेक्ट्रिक मोटार असेल, तर तिची बॅटरी स्कूटरच्या आठ-दहा पट मोठी असते. साध्या सॉकेटवर ती भरायला रात्रभर लागते. भाड्याच्या खोलीवर त्यासाठी स्वतंत्र वायरिंग केल्याशिवाय ती नेऊ नका.

खोली बघायला जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या:

• स्कूटर चार्ज करायला मालकाची किंवा वसतिगृहाची परवानगी आहे का? ती लिहून देतील का?
• सॉकेट कुठे आहे, किती अँपियरचं, अर्थिंग आहे का?
• पावसात तिथे पाणी येतं का?
• सब-मीटर बसवू देतील का? युनिटचा दर काय?
• एकाच सॉकेटवर किती गाड्या? पाळी कशी लावायची?
• हे जमलं नाही, तर जवळचं चार्जिंग कुठे?

गटाच्या बैठकीत स्कूटरच्या कर्जाचा अर्ज आला, तर हप्त्याबरोबर हेही विचारा. उत्तरं मिळाली नसतील, तर आधी खोली नक्की होऊ द्या, मग गाडी घ्या. महिनाभर एसटीने गेलं तरी चालेल. चार्जिंगची सोय नाही म्हणून गाडी धूळ खात पडली आणि हप्ते चालू राहिले, तर त्याचा ताण लेकीच्या शिक्षणावर येतो.

तुमच्या गावच्या मुलींनी शहरात ही सोय कशी केली, ते आम्हाला जरूर कळवा. दुसऱ्या गावच्या आयांना त्याचा उपयोग होईल.