‘देश’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ : भोर-वेल्हे परिसरातील दैनंदिन राष्ट्रभान

राष्ट्रीय अस्मितेचा शोध घेताना आपला वाङ्मयाभ्यासक सामान्यतः देशभक्तिपर कविता, ऐतिहासिक कादंबरी किंवा स्वातंत्र्यलढ्यातील भाषणे यांकडे वळतो. मायकेल बिलिग यांनी ‘बॅनल नॅशनॅलिझम’ (१९९५) या ग्रंथात वेगळी दिशा दाखविली. कचेरीवरील दुर्लक्षित ध्वज आणि बोलण्यातील लहानसहान सर्वनामे राष्ट्राची जाणीव नित्य जागती ठेवतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रस्तुत लेखात भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या संदर्भात या प्रतिपादनाचा मराठीच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘देश’ हा शब्द पाहू. कारीचे कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. ‘देशमुख’, ‘देशपांडे’ या वतनवाचक शब्दांतील ‘देश’ म्हणजे काही गावांचा परगणा. वरंधा घाटाखालील महाडचा माणूस ‘देशावर जातो’ म्हणतो, तेव्हा त्याला सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठार अभिप्रेत असते. राष्ट्रवाचक अर्थ या दोन्हींवर नंतर चढला. भोर हे पंतसचिवांचे संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ रोजीही येथील रयत संस्थानी प्रजाच होती. नवा अर्थ आला तरी जुने अर्थ पुसले गेले नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आता सर्वनामांकडे वळू. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. भोरकडील माणूस पुण्याच्या पाहुण्यास ‘आमच्या गावची जत्रा’ सांगतो, पण भावकीतल्या माणसाशी बोलताना तीच जत्रा ‘आपल्या गावची’ होते. गावाचे सर्वनाम असे ऐकणाऱ्यानुसार पालटते. क्रिकेटचा सामना किंवा सीमेवरील सैनिक यांच्या बाबतीत मात्र ‘आज आपली मॅच आहे’, ‘आपले जवान’ असेच म्हटले जाते; समोरचा वेल्ह्याचा असो वा विदर्भाचा. समोर परदेशी माणूस आला तरच ‘आमचा देश’ हे शब्द तोंडी येतात. सामान्य माणसाचे राष्ट्रभान असे एखाद्या घोषणेपेक्षा सर्वनामाच्या निवडीत अधिक सहजपणे प्रकटते, असे म्हणावे लागेल.

औपचारिक भाषेचा व्यवहार याहून निराळा आहे. शालेय प्रतिज्ञेत देश ‘माझा’ आहे, तर संविधानाच्या मराठी उद्देशिकेचा आरंभ ‘आम्ही’ने होतो. प्रतिज्ञेत एकेक विद्यार्थी स्वतःला बांधून घेतो. उद्देशिकेतील लोक जणू जगासमोर आपला निर्धार सांगत आहेत. शेजाऱ्याला सोबत घेणारे ‘आपण’ मात्र पारावर आणि एस.टी.च्या थांब्यावरच भेटते.

तथापि या सर्वसमावेशक वाटणाऱ्या शब्दाला एक काळी किनारही आहे. सोयरिकीची बोलणी निघाली की ‘मुलगा आपल्यातला आहे का?’ असा प्रश्न येतो, आणि येथे ‘आपल्यातला’ म्हणजे स्वजातीतला. सकाळी साऱ्या भारताला कवेत घेणारा शब्द संध्याकाळी त्याच ओट्यावर आळीपुरता आक्रसतो. बोलणाऱ्यास यात विसंगती जाणवत नाही. म्हणूनच अभ्यासकाने ती नोंदविली पाहिजे. ‘आपले जवान’ म्हणताना जो निःसंशय आपला असतो, तोच गावी परतल्यावर ‘आपल्यातला’ ठरेलच असे नाही. राष्ट्रभानाची खरी कसोटी या दोन वापरांमधील अंतरात आहे.

ग्रामीण साहित्यावर संशोधन करणाऱ्यांनी या दृष्टीने संवादांचे पुनर्वाचन करावे, असे सुचवावेसे वाटते. पात्र देशाविषयी काय बोलते, याची नोंद आपण आजवर घेत आलो. ते कोणासमोर ‘आम्ही’ म्हणते आणि कोणाला ‘आपण’मध्ये घेते, हे तपासल्यास अस्मितेचे अधिक विश्वसनीय चित्र हाती येईल.