पुरुषाचे वंध्यत्व आणि तोंडाने घ्यावयाची औषधे

आपल्या बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्याची गाय उलटली, की त्याचा पहिला प्रश्न रेताविषयी असतो : मात्रा कोणत्या वळूची होती, ती नीट गोठविलेली होती की नाही. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था काढली, तेव्हापासून वळूचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वापरावे ही गोष्ट या भागात नवी राहिलेली नाही. परंतु सुनेला तीन वर्षांत मूल झाले नाही, की हाच चाणाक्ष गृहस्थ तिला एकटीलाच दवाखान्यात पाठवितो. तिच्या तपासण्या होतात, गंडेदोरे होतात, प्रसंगी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. मुलाचे वीर्य मात्र तपासले जात नाही. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारणाचा काही ना काही भाग पुरुषाकडे असतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असले विषय उघडपणे मांडले आणि त्यापायी खटलेही सोसले. तेव्हा आज आपण संकोच धरण्याचे कारण नाही.

आता दुसरा एक वर्ग पाहा. अंगात उत्साह नाही, इच्छा मंदावली, मूलही होत नाही. कोणी सांगतो, ‘टेस्टोस्टेरॉन कमी आहे, ते घे.’ तालमीतली आणि जिममधली काही पोरे तर दंड भरावेत म्हणून ते आधीपासूनच घेत असतात. पुरुषत्वाचा रस तो हाच, मग तो घेतल्याने मूल होण्यास मदतच होईल, असा सरळ हिशेब असतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा, हे समजावून सांगणे हाच या व्याख्यानाचा मुख्य हेतू.

नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण घेऊ. चारीचे दार पाटकरी उघडतो आणि मिटतो. आपल्या शरीरात हे काम मेंदू आणि त्याच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी करतात. पीयूषिकेतून निघणारे दोन अंतःस्राव वृषणांना हुकूम देतात : एक टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा, दुसरा शुक्रजंतू वाढविण्याचा. शुक्रजंतू पिकण्यासाठी वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट अधिक टेस्टोस्टेरॉन लागते. बाहेरून ते घेतले, म्हणजे टँकरचे पाणी बांधावर ओतल्यासारखे होते. बांध ओला दिसतो, पाटकरी दार मिटून निघून जातो, आणि ऊस आतल्या आत वाळतो. सुई असो, मलम असो वा तोंडाने घ्यावयाची टेस्टोस्टेरॉनची कॅप्सूल असो, धोका तोच. जागतिक आरोग्य संघटनेने तर याचा उपयोग संततिनियमनासाठी करून पाहिला. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दर आठवड्याला 200 मिलिग्रॅमची सुई घेणाऱ्या निरोगी पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्रजंतू उरला नाही. औषध थांबविल्यावर बहुतेकांचे वीर्य सहा महिने ते वर्षभरात पूर्ववत होते, काहींना दोन वर्षेही लागतात. पण वर्षानुवर्षे घेणाऱ्याला तशी हमी देता येत नाही.

मग तोंडाने घेण्यासारखे काही आहे का? आहे. क्लोमिफेन हे मूळ स्त्रियांचे औषध. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि मेंदू ओलावा जोखतो तो बराचसा त्याच खुणेवरून. क्लोमिफेन ती खूण झाकते. मेंदूला वाटते, रान कोरडे आहे. तो दार उघडतो. अशा रीतीने टेस्टोस्टेरॉन वाढते आणि शुक्रजंतूंचे काम थांबत नाही. अनॅस्ट्रोझोल आणि लेट्रोझोल ही औषधे इस्ट्रोजेन बनणेच कमी करतात. चरबीत हा बदल अधिक होत असल्याने स्थूल पुरुषांना ती कधी कधी उपयोगी पडतात. ही औषधे पुरुषांसाठी अधिकृतपणे मंजूर झालेली नसून डॉक्टर स्वतःच्या विचाराने देतात, हे ध्यानात ठेवावे. क्लोमिफेनने क्वचित दृष्टी अंधुक होते. तसे झाल्यास ते त्वरित बंद करून डॉक्टरांना गाठावे.

या गोळ्यांनी मूल होईलच असे मात्र नाही. वृषणच निकामी झाले असतील किंवा शुक्रजंतूंची वाट बुजली असेल, तर दार उघडून काय उपयोग? पीयूषिकाच आजारी असेल तर गोळ्या नव्हे, सुया लागतात. जस्त व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांवर पुष्कळांचा पैसा जातो. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांत घेतलेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांनी मुले अधिक जन्मली नाहीत. त्यापेक्षा पोट उतरविणे आणि तंबाखू सोडणे स्वस्त पडते. वृषणे शरीराहून दोन-चार अंश थंड राहिली पाहिजेत. गुऱ्हाळाच्या चुलाणाला दिवसभर जाळ घालणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

तपासणी सोपी आहे. दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्य द्यावे. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी दहाच्या आत द्यावे, आणि ते कमी निघाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून औषधाचा गुण तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत पाहावा. आधी कोणती सुई किंवा पावडर घेतली असेल तर ती लपवू नये. बायकोसमोर सांगणे जड जात असेल, तर डॉक्टरांना एकटे भेटावे.