मृत्युकर आणि मूल्यमापक : काही गैरसमज

चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १५ ऑक्टोबर १९५३ पासून, मृत्युकराचा कायदा अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने पुरेशा संख्येने लायक मूल्यमापक नेमण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली होती, एवढेच वाचणाऱ्याचा असा ग्रह सहज होतो की, मामलेदार कचेरीच्या धर्तीवर एखादे नवे खाते उघडून त्यात पगारी अंमलदारांची भरती व्हायची होती. परंतु त्याच कलमात या मंडळींच्या मोबदल्याचे दरपत्रक सरकारने ठरवावे, असेही म्हटले होते. आणि ज्याला दरमहा वेतन द्यायचे, त्याच्यासाठी दरपत्रक कशाला?

मूल्यमापक घरोघरी फिरून प्रत्येकाची मिळकत मोजणार, ही दुसरी भीती. असा प्रकार विलायतेत खरोखरच घडला होता : तेथील अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या १९१० च्या कायद्याने साऱ्या राज्यातील जमिनीचे मूल्यमापन आरंभिले, त्यासाठी माणसांची फौज उभी केली, आणि ज्या करांसाठी हा खटाटोप, ते १९२० मध्ये बहुतांशी रद्दही झाले. आपल्याकडे मात्र प्रश्न मृताच्या मिळकतीपुरताच होता. त्यातही पहिल्या १ लाख रुपयांवर, मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू एकत्र कुटुंबातील हिश्शाच्या बाबतीत पहिल्या ५० हजारांवर, मुळात कर नव्हता.

सर्वांत चिवट गैरसमज किमतीविषयीचा. खरेदीखतातील रक्कम किंवा घरपट्टीसाठी धरलेले मूल्य हीच किंमत, असे अनेक वारस मनाशी धरून बसत. कायद्याला हवी होती ती मृत्यूच्या वेळी खुल्या बाजारात त्या मिळकतीला आली असती ती किंमत. आता मुंबईतील जुनी चाळ घ्या. १९४७ च्या भाडेनियंत्रणाने भाडे गोठलेले, भाडेकरू हलणारे नव्हेत. तेव्हा गिऱ्हाईक जागेचा भाव न पाहता हाती येणाऱ्या भाड्याच्या पटीचाच हिशोब करणार, आणि म्हणून शेजारच्या रिकाम्या भूखंडाचा दर तिला लावणे हा निव्वळ अन्याय ठरे. उलट, मृताच्या अशा चार चाळी असल्यास, त्या चारही एकदम विक्रीस काढल्या असत्या तर भाव कोसळला असता, ही वारसाची सबब कायद्याने आधीच अमान्य केली होती. सबब चतुर खरी. पण तिच्यावर इंग्रजी कायदेपंडितांनी पूर्वीच तोड काढून ठेवली होती.

राहिला मूल्यमापकाच्या अधिकाराचा प्रश्न. तो कर बसवीत नसे. किंमत ठरे ती मृत्युकराचा अंमल पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे कंट्रोलरच्या मताने. त्या मताविरुद्ध अपील करणाऱ्याने मागणी केल्यास वाद दोन मूल्यमापकांच्या लवादाकडे जाई, आणि त्यांतील एक खुद्द अपीलकर्त्याने सुचविलेला असे.

१६ मार्च १९८५ रोजी वा त्यानंतर झालेल्या मृत्यूंना हा कर लागू राहिला नाही. त्याच्यासाठी नेमलेल्या मूल्यमापकांना मात्र १९५७ च्या संपत्तिकराने आधीच आपल्या कामाला जुंपले होते.