वेगाआधी थांबणे : घाटमाथ्यावरची जुनी सेडान गोव्यात आणताना

धारवाडचा सुभाष रोड हा मुळात बाजाराचा रस्ता. कापड, भांडी, पुस्तके यांच्या दुकानांतून वाट काढत जाणारा. कन्नड साहित्याला वळण देणाऱ्या मनोहर ग्रंथमालेचे कार्यालयही याच रस्त्यावर. शिक्षण, उपचार वा नातेसंबंधांच्या निमित्ताने धारवाड-हुबळीला जाणाऱ्या गोमंतकीयांना हा परिसर परका नाही. अलीकडे या फेऱ्यांना आणखी एक निमित्त मिळाले आहे, ते जुन्या मोटारींचे. समजा, सुभाष रोडलगतच्या एखाद्या गल्लीत, जुन्या घराच्या पडवीपुढे, एक पंधरा-वीस वर्षांची वेगवान सेडान उभी आहे. मालक निवृत्त झाला आहे, मुले परगावी आहेत, गाडी महिन्यातून एकदा सुरू होते. किंमत नव्या छोट्या मोटारीच्या निम्म्याहूनही कमी. फोंड्याहून वा म्हापशाहून आलेला एखादा तरुण ती पाहतो आणि मनातल्या मनात तिची किल्ली फिरवतो. खरी परीक्षा तेथून सुरू होते.

या गाड्यांचे आकर्षण का?

भारतात जोमदार इंजिनाच्या सेडान फार थोड्या आल्या आणि आल्या त्या थोड्याच काळ टिकल्या. या शतकाच्या आरंभीची होंडा सिटी व्हीटेक तिच्या चपळ दीड लिटर इंजिनासाठी आजही आठवली जाते. २००४ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली, तिचे १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचे होते. २००६ मध्ये दोन लिटर इंजिनाची मित्सुबिशी सीडिया आली. २०१० मध्ये पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यातून फियाट लिनिया टी-जेट बाहेर पडली. तिचे इंजिन १.४ लिटरचे, पण टर्बोमुळे ११४ अश्वशक्तीचे. पुढे २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आणि २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली. दुसरीच्या तर अवघ्या २०० गाड्या भारताच्या वाट्याला आल्या.

या यादीतच धोक्याची सूचनाही आहे. फियाटने भारतातील मोटारविक्री थांबवली, मित्सुबिशीच्या सेडानही इतिहासजमा झाल्या. गाडी मिळते, पण तिचा एखादा सेन्सर वा दिव्याची काच मिळायला महिने लागू शकतात. म्हणून गाडी पाहण्यापूर्वी तिचे सुटे भाग पाहावेत. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश आणि क्लच या पाच वस्तू कोठे व कितीला मिळतात, याची चौकशी दोन-चार दूरध्वनींत होते. तिची उत्तरे समाधानकारक नसतील, तर धारवाडची फेरी टाळलेलीच बरी.

कोरड्या हवेचा लाभ आणि त्याची मर्यादा

घाटमाथ्यावरच्या गाडीला गोव्यात मान आहे, याला कारण हवामान. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच असलेल्या धारवाडात तो याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. किनाऱ्यावरच्या हवेतील क्षार ओलाव्यात विरघळून पत्र्यावर बसतात आणि गंजण्याची क्रिया वेगाने घडवतात. त्यामुळे त्याच वयाची धारवाडची गाडी खालून पाहिल्यास अनेकदा अधिक निरोगी दिसते.

मात्र कोरडी हवा रबराला मानवत नाही. वापराविना उभ्या गाडीचे होस पाइप, बुश आणि टायर कडक होऊन तडकतात. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीसह बेळगाव, धारवाड परिसरात महापूर आला होता. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाऊ शकते. आसनांच्या रुळांखालचा गाळ, पट्टा पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारे मातीचे डाग, गालिच्याखालचा कुबट वास या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. डिकीतील जादा चाक उचलून त्याखालचा पत्रा पाहिल्यास मागून बसलेल्या धडकेची वेल्डिंगही दिसते.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. थंड इंजिनच आपली दुखणी सांगते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. टर्बो वा व्हॉल्व्हची सिले झिजली असावीत. इंजिन तापल्यावरही थांबत नसलेली पांढरी वाफ हेड गॅस्केट फाटल्याची शंका निर्माण करते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय असल्यास ती शंका बळावते, मात्र केवळ छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडी साय जमू शकते. काळा धूर इंधनाचे प्रमाण बिघडल्याचे सांगतो. मीटरवर थोडे किलोमीटर आणि पेडलची रबरे मात्र गुळगुळीत, असे दिसल्यास सर्व्हिसची नोंदवही मागावी.

कागद आधी, चावी नंतर

आंतरराज्य व्यवहारात सर्वाधिक घोळ होतो तो दोन वेगळ्या मुदतींच्या सरमिसळीमुळे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. अनेकांचा समज असा, की गाडी विकत घेतल्यावरही वर्षभर निवांत राहता येते. तसे नाही. कलम ५० नुसार मालकी बदलल्याची माहिती खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. वर्षाची मुदत क्रमांकासाठी, महिन्याची मुदत मालकीसाठी.

हे केवळ कागदी औपचारिकतेचे प्रकरण नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईप्रकरणी स्पष्ट केले, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, भरपाईच्या दृष्टीने तोच मालक. मधल्या काळात गाडी कितीही हात फिरली असली तरी. म्हणजे सुभाष रोडवरच्या त्या निवृत्त गृहस्थानेही नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत स्वस्थ बसणे धोक्याचे.

क्रम असा ठेवावा. केए-२५ ही धारवाडची आणि केए-६३ ही हुबळीची मालिका. गाडी ज्या आरटीओकडे नोंदलेली, तेथून नमुना २८ मधील ना हरकत दाखला घ्यावा. नमुना २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या घ्याव्यात. गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा बँकेचा दाखला आणि नमुना ३५ हवा. थकीत दंडाची चलने परिवहन संकेतस्थळावर पाहता येतात. गोव्यात नव्या क्रमांकासाठी नमुना २७ भरावा लागतो आणि येथील रस्ता कर द्यावा लागतो. कर्नाटकात एकरकमी भरलेल्या आजीवन कराच्या उर्वरित मुदतीचा परतावा मागता येतो. मात्र त्यासाठी कागद जपून ठेवावे लागतात. गोव्यातील कराची रक्कम वाहतूक खात्याकडून आधीच काढून घ्यावी आणि मगच किमतीची घासाघीस करावी.

वयाचा मुद्दा निराळा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारींसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये आहे. २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आज याच गटात मोडते.

विम्याचेही तेच. विमा नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. तो जुन्या मालकाकडेच राहतो.

पहिला प्रवास

धारवाडहून पणजी दीडशे किलोमीटरहून थोडी अधिक. पण वाटेत अनमोड किंवा चोर्ला घाट उतरावा लागतो. म्हणजे अनोळखी ब्रेक असलेल्या गाडीची पहिलीच कसोटी उताराची. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास तेल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल पायाखाली पोकळ होते. बुडबुडा दाबला जातो, ब्रेक मात्र लागत नाही.

म्हणून गाडी आणण्यापूर्वी धारवाडातच ब्रेकचे तेल बदलून घ्यावे, पॅड पाहावेत आणि टायरचे वय वाचावे. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी दहा वर्षांचे रबर पावसाळी घाटासाठी भरवशाचे नसते. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कोणालाच ठाऊक नसेल, तर गाडी वाहनवाहू ट्रकवर चढवून आणणे शहाणपणाचे. ऑक्टाव्हियाच्या १.८ लिटर टर्बोसारख्या इंजिनांत बेल्ट तुटल्यास पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

घरच्या पोर्चमधील क्रम

गाडी दारात आली, की बहुतेकांचा हात प्रथम म्युझिक सिस्टीम, अलॉय चाके आणि सायलेन्सरकडे जातो. अनुभवी मेकॅनिकचा क्रम नेमका उलटा असतो : आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे आणि शेवटी धावली पाहिजे.

थांबण्यासाठी ब्रेक पॅड, डिस्क, होस आणि टायर. वळण्यासाठी सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, शॉक अॅब्सॉर्बर आणि चाकांचे अलाइनमेंट. थंड राहण्यासाठी रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, कूलंट आणि पाण्याचा पंप. जुन्या जर्मन टर्बो इंजिनांतील काही पंपांची पाती प्लॅस्टिकची असत. ती तुटली तर बाहेरून गळती न दिसताच इंजिन तापते. टायमिंग बेल्ट बदलताना पंपही बदलण्याचा सल्ला दिला जातो तो यासाठी. मजुरी एकदाच पडते. धावण्याची पाळी यानंतर : इंजिन तेल व फिल्टर, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, तडकलेल्या व्हॅक्यूम नळ्या. जुन्या टर्बो गाडीतील ‘जोर गेला’ ही तक्रार पुष्कळदा टर्बोची नसून पाच-पन्नास सेंटीमीटरच्या फुटक्या नळीची असते.

यांपैकी तेल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक पॅड ही कामे घरी शिकता येतात. त्यासाठी सपाट व टणक जमीन, गाडीला आधार देणारे दोन-चार स्टँड, टॉर्क रेंच आणि संगणकातील दोष वाचणारा स्कॅनर हवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. काढलेले काळे तेल परसात वा गटारात ओतू नये. ज्या गावात विहिरीचे पाणी प्यायले जाते तेथे हा अपराधच. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापरासाठी द्यावे. टायमिंग बेल्ट, स्टीअरिंग, एअरबॅग आणि स्वयंचलित गिअरपेटी ही कामे मात्र जाणकाराच्या हाती सोपवावीत.

गोव्यात आल्यावर कोरड्या हवेचे वरदान संपते. पहिल्या पावसापूर्वी खालचा पत्रा स्वच्छ धुऊन त्यावर गंजरोधक लेप द्यावा. पुढच्या काचेखालची पाण्याची छिद्रे पानांनी बुजलेली असतील तर मोकळी करावीत. तेथे तुंबलेले पाणी थेट विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचते.

ताकद वाढवण्याचा मोह

एवढे झाल्यावर ‘रीमॅप’ आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचा विचार डोके वर काढतो. कायद्याचे कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीने दावा नाकारण्याचे निमित्तही यातूनच मिळते. खरे तर पंधरा वर्षांच्या गाडीला तिची मूळ १५० अश्वशक्ती परत मिळवून देणे, हेच पुरेसे मोठे काम आहे.

हिशेबाचा एक साधा नियम पाळावा. हाती असलेल्या रकमेपैकी दोन तृतीयांशच गाडीसाठी खर्च करावी आणि उरलेली कर, विमा व पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. सारी पुंजी खरेदीत ओतणारा मालक पुढे ब्रेकवर काटकसर करतो, आणि वेगवान गाडीत ही काटकसर सर्वांत महाग पडते. सुभाष रोडलगतची ती सेडान स्वस्त आहे, कारण मधल्या वर्षांची देखभाल कोणीतरी पुढे ढकलली आहे. ते देणे नव्या मालकाच्या नावावर आधीच लिहिलेले असते. ते पोर्चमध्ये शांतपणे फेडावे; अनमोडच्या वळणावर फेडण्याची वेळ येऊ देऊ नये.