आरोग्य कार्यक्रमांची अंमलबजावणी : स्थळपरत्वे भिन्नता

एकच आरोग्य कार्यक्रम निरनिराळ्या रुग्णालयांत वा प्रदेशांत राबविला असता त्याची कार्यवाही व फलनिष्पत्ती यांत जो फरक पडतो, त्याच्या कारणांचा अभ्यास. औषधाची परिणामकारकता तपासताना स्थळाचा प्रभाव शक्य तितका वगळतात. येथे मात्र स्थळ हाच विवेचनाचा विषय असतो. एके ठिकाणी यशस्वी झालेला कार्यक्रम दुसरीकडे फसल्यास दोष मूळ कल्पनेत आहे की कार्यवाहीत, हे कळल्याशिवाय तो सोडून द्यावा की सुधारावा, हे ठरविता येत नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील मिशिगन राज्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या नीलेत बसविलेल्या नलिकेवाटे रक्तात जंतुसंसर्ग होऊन मृत्यू ओढवू शकतो. तो टाळण्यासाठी पीटर प्रोनोवोस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच उपायांवर भर दिला : हात धुणे, निर्जंतुक आवरणांचा पूर्ण वापर, क्लोरहेक्झिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो मांडीची नीला टाळणे आणि अनावश्यक नलिका काढून टाकणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०३ विभागांत दर हजार नलिका-दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७·७ वरून सोळा ते अठरा महिन्यांत १·४ पर्यंत उतरले.

याच धर्तीवर इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात कार्यक्रम राबविण्यात आला. तेथेही संसर्ग घटला. परंतु नंतरच्या टप्प्यांत सामील झालेल्या विभागांत तो आरंभीच कमी झालेला होता. त्यामुळे घटीचे सारे श्रेय कार्यक्रमाला देता येईना. मेरी डिक्सन-वुड्स व सहकाऱ्यांनी विभागांत प्रत्यक्ष राहून निरीक्षणे केली व मुलाखती घेतल्या. मिशिगनमध्ये रुग्णालयांचे परस्परांशी जाळे निर्माण झाले होते आणि संसर्ग ही आपणच सोडवावयाची समस्या आहे, अशी जाणीव वैद्य व परिचारिका यांच्यात रुजली होती. इंग्लंडमधील अनेक विभागांना मात्र तोच कार्यक्रम वरून लादलेला वाटला. शासकीय लक्ष्यांचा पूर्वानुभव त्याला कारणीभूत होता. शिवाय संसर्गाची नोंद करण्याच्या पद्धतीही विभागागणिक भिन्न असल्याने काही फरक केवळ मोजणीतून उद्‌भवले होते.

अशा कारणांचे वर्गीकरण करण्यासाठी २००९ मध्ये लॉरा डॅमश्रोडर व सहकाऱ्यांनी एक एकत्रित आराखडा मांडला. कार्यक्रमाचे स्वरूप, संस्थेबाहेरील परिस्थिती, संस्थेची अंतर्गत घडण, संबंधित व्यक्ती आणि कार्यवाहीची प्रक्रिया असे त्याचे पाच विभाग असून २०२२ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली. अभ्यासपद्धतीत आकडेवारीची तुलना व गुणात्मक निरीक्षण यांची सांगड घालतात. कारण फरक किती आहे हे आकड्यांवरून कळले, तरी तो का पडला हे त्यांवरून कळतेच असे नाही.

या अभ्यासास मर्यादाही आहेत. स्थळे थोडी व कारणे अनेक असल्याने निष्कर्ष सावधपणे काढावे लागतात. यश वा अपयश आधीच ठाऊक असल्यास त्याला साजेशी कारणे शोधण्याचा मोह होतो. म्हणून निरीक्षणे कार्यक्रमाच्या आरंभापासूनच करणे इष्ट ठरते. कार्यक्रमाचा कोणता भाग सर्वत्र अबाधित राखावा व कोणता स्थानिक गरजेनुसार बदलू द्यावा, हे ठरविण्यास अशा अभ्यासाचा विशेष उपयोग होतो.